दोन बॅटऱ्यांमधला डबा

मोतीराम वायरमनच्या हाताखाली काम करायचं म्हणजे आधी त्याच्या शिव्या खायच्या, मग त्यानंच मागवलेला चहा प्यायचा, आणि नशिबात असेल तर काहीतरी शिकायचं, असा क्रम ठरलेला होता. नांदगावहून चौदाव्या वर्षी नाशकात आला, आणि पुढं द्वारका चौकाजवळ एका टपरीत त्यानं बत्तीस वर्षं ट्रकांचे डायनामो आणि सेल्फ खोलले. शाळा सातवीपर्यंत. पण बॉनेट उघडलं की हा माणूस आधी नाक पुढं करायचा. वायर जळाल्याचा वास वेगळा, बॅटरी उकळल्याचा वेगळा, आणि मालक खोटं बोलत असला तर त्याचाही वास आपल्याला येतो, असं तो सांगायचा. हे शेवटचं त्यानं स्वतःच्या बाबतीतही तपासून बघायला हवं होतं.

त्याची एक अट साऱ्या चौकाला पाठ होती. गाडीला हार घाला, लिंबू-मिरची बांधा, पुढच्या चाकाशी नारळ फोडा, काचेवर हळदीकुंकवाची बोटं ओढा. पण बॉनेट उघडून आत पाण्याचा थेंब टाकायचा नाही. आपल्याकडे नव्या गाडीच्या पूजेत नारळाचं पाणी इंजिनावर शिंपडायची हौस फार. इंजिन म्हणजे गाडीचा जीव, मग प्रसाद त्याला नको का! मोतीराम सांगायचा, हे पाणी गोड असतं, खारट असतं, तांब्याला लागलं की आतून खातं, आणि वाळलं की चिकट होऊन बसतं. एका ट्रकमालकानं एकदा थेट बॅटरीवर दुधाची धार धरली, तेव्हा मोतीराम पान्ना घेऊन त्याच्या अंगावर धावला होता. देवाला अंघोळ घालायची तर गोदेवर जा म्हणाला, माझ्या वायरिंगला कशापायी घालता. ही गोष्ट चौकात पुढं कितीतरी वर्षं चघळली गेली, आणि ती सांगणाऱ्यांत मोतीरामच सगळ्यांच्या पुढं असायचा.

रस्ता रुंद झाला, टपरी गेली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण नोकरी देतो? पण पाथर्डी फाट्याच्या पुढं एका द्राक्षबागायतदाराच्या समर्थ नावाच्या मुलानं नवाच कारखाना काढला होता. टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, आतल्या सीटा काढायच्या, आणि तिथं पलंग, ओटा, फ्रिज, पंखा बसवून चाकांवरचं घर करायचं. पैसेवाले लोक सुट्टीत ते घेऊन धरणाकाठी जाऊन राहतात. मोतीरामला आधी हसू आलं. घर असताना गाडीत झोपायला जायचं, याला काय म्हणावं! पण पगार महिन्याच्या महिन्याला होता, आणि वायरिंगचं काम भरपूर होतं. तो रुजू झाला.

अशा गाडीत बॅटऱ्या दोन लागतात. एक इंजिन चालू करायला, दुसरी घराला, म्हणजे फ्रिज, दिवे, पंख्याला. गाडी चालते तेव्हा डायनामो दोघींना भरतो. गाडी थांबली की मात्र दोघींमधली जोड तुटली पाहिजे. नाहीतर रात्रभर फ्रिज चालतो, दोन्ही बॅटऱ्या पिऊन टाकतो, आणि सकाळी इंजिन उठतच नाही. ही जोड जोडायची आणि तोडायची, एवढंच काम करणारा आयसोलेटर नावाचा डबा मध्ये बसवतात. मोतीराम नव्या माणसाला हे एका वाक्यात समजवायचा. वेगळे झालेले दोन भाऊ समज, कमाई आली तर दोघांत वाटायची, खर्च मात्र ज्याचा त्यानं करायचा.

बाहेरून येणारे आयसोलेटर आपल्या उन्हात टिकेनात. एप्रिलमध्ये इंजिनाजवळ हात लावला तर भाजतो, तिथं त्या नाजूक वस्तू महिन्या-दोन महिन्यांत मान टाकत. मोतीराम वर्षभर स्वतःचाच डबा बनवायच्या मागं लागला. जाड तांब्याच्या पट्ट्या, करंट आला की दांडा ओढून जोड लावणारी ट्रकमधली दणकट सोलेनॉइड, पत्र्याचा डबा, खाली रबर. आठ वेळा केला, आठ वेळा मोडला, नवव्यांदा जमला. कडक उन्हात चार दिवस गाडी उभी करून बघितली. डबा वेळेवर जोडत होता, वेळेवर तोडत होता. साठीला आलेल्या माणसाच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा दुरुस्ती न होता एक वस्तू तयार झाली होती. समर्थनं त्यावर कारखान्याच्या नावाचं चकचकीत स्टिकर लावलं. मोतीराम ते स्टिकर बघायचा आणि काही बोलायचा नाही. घरी मालनबाईला मात्र म्हणाला की पोरगं माझं आणि बारशाला नाव दुसऱ्याचं.

मीना त्या नवव्या डब्याच्या वेळी त्याच्या हाताखाली होती. पेठ तालुक्यातल्या डोंगरातली पोरगी. आईबाप दरवर्षी छाटणीला आणि घड औषधात बुडवायच्या डिपिंगला टोळीबरोबर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरायचे. लहानपणी तीही वेलींखाली गोणपाटावर झोपलेली. आश्रमशाळेत शिकली, आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं, आणि घरातली पहिली पगारी माणूस झाली. पेठ नाक्याजवळ मोतीरामच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून चुलतबहिणीबरोबर खोली करून राहायची. पहिले सहा महिने मोतीरामनं तिला मुद्दाम रडवलं. तिनं रडून घेतलं आणि काम सोडलं नाही. मग म्हातारा तिला एकेक गोष्ट दाखवायला लागला. वायरीच्या टोकाचा लग कसा दाबायचा, बोल्ट किती आवळायचा, मीटर खोटं कधी बोलतं. मालनबाई तिच्यासाठी रोज एक भाकरी जास्त टाकायची. मोतीरामला मूलबाळ नव्हतं. हे मीनाला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं.

अक्षय्य तृतीयेला नव्या डब्याची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची ठरली. मांडव घातला, पाहुणे आले, पेढे आले. समर्थनं माइक घेऊन सांगितलं की हा आयसोलेटर इथंच, आपल्या मोतीरामकाकांनी बनवलाय, आणि त्यानं काकांना शाल आणि श्रीफळ दिलं. टाळ्या वाजल्या. बत्तीस वर्षं लोकांनी ज्याला 'ए वायरमन' म्हणून हाक मारली, त्याच्या खांद्यावर शाल! म्हातारा फुलून गेला. त्यानं स्वतः बॉनेट उघडलं, डब्याचं झाकण काढलं, का तर पाहुण्यांना आतल्या तांब्याच्या पट्ट्या कशा लखलखतात ते दिसावं. लोक वाकून वाकून बघत होते. फोटो निघत होते.

समर्थची आजी पुतळाबाई पुढच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली की काकांच्याच हातानं नारळ वाढवा, आणि पाणी त्या डब्यालाही दाखवा, तोच तर आज जन्माला आलाय. मोतीरामनं चाकाशी नारळ फोडला. अर्ध्या करवंटीत पाणी होतं. मीना मागं उभी होती, झाकण तिच्याच हातात होतं. ती हळूच म्हणाली, "काका, आधी झाकण लावते." मोतीरामनं मागं न बघताच तिला हातानं थांबवलं, आणि करवंटीतलं पाणी बोटांनी इंजिनावर शिंपडलं, आणि उरलेलं प्रेमानं डब्यात ओतलं. वर चिमूटभर कुंकू वाहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात, ते असं. पंगत उठल्यावर फडक्यानं वरवर पुसून त्यानं झाकण लावलं. नंतर एकदा खोलून धुऊ, असं त्याच्या मनात आलं होतं, पण संध्याकाळी गाडी गेली.

जुलैत ती गाडी वैतरणेच्या पाण्याकाठी अडकली. कुटुंबाबरोबर दम्याची म्हातारी होती. दोन रात्री फ्रिज चालला, पंखा चालला, आणि तिसऱ्या सकाळी म्हातारीला धाप लागली तेव्हा गाडी घरघरलीसुद्धा नाही. फोनला रेंज नव्हती. मुलगा पावसात चार किलोमीटर चालत गेला आणि कुणाचा तरी ट्रॅक्टर घेऊन आला. म्हातारी वाचली, पण आठ दिवस इस्पितळात होती. मुलगा गाडी ओढत कारखान्यात घेऊन आला तो लालबुंद होऊन. त्यानं सगळ्याचा व्हिडिओ केला होता. हे ज्याच्या हातून झालं तो माणूस इथं दिसता कामा नये, नाहीतर हा व्हिडिओ मी सगळीकडे टाकतो, असं तो समर्थला सांगून गेला.

समर्थनं मोतीरामला गाडीशी नेलं आणि सरळ प्रश्न विचारला. डब्यात दोष आहे की बसवण्यात? डब्यात असेल तर उद्यापासून पुन्हा बाहेरचे आयसोलेटर मागवतो, हा विषय संपला. बसवण्यात असेल तर बसवणाऱ्याला जावं लागेल. तासाभरात सांगा म्हणाला आणि ऑफिसात गेला.

मोतीरामनं एकट्यानं झाकण काढलं. बघायचीही गरज नव्हती, वासच आला. पट्ट्यांवर हिरवा थर चढला होता. सोलेनॉइडचा दांडा गंजून आणि गोड पाणी आटून जोडलेल्या जागीच चिकटला होता, त्यामुळं दोन्ही बॅटऱ्या रात्रंदिवस एकत्रच राहिल्या होत्या. कोपऱ्यात कुंकवाची लाल खपली होती.

म्हणजे दोष डब्यात नव्हता. बसवण्यातही नव्हता; डबा गाडीत मीनानं बसवला होता, आणि प्रत्येक बोल्ट त्यानं शिकवला तसाच आवळला होता. तिसरं उत्तर मोतीरामच्या पोटात होतं, आणि ते बाहेर काढायला एक वाक्य पुरलं असतं. शेठ, पाणी मी ओतलं. पण मग सारा द्वारका चौक हसला असता. ज्यानं दुधासाठी माणसाच्या अंगावर पान्ना उगारला, त्यानं स्वतःच्या डब्याला नारळपाणी पाजलं! शिवाय समर्थ म्हणाला असता की एवढ्याशा पाण्यानं मरतो तो डबा काय कामाचा, आणि नववा डबा भंगारात गेला असता.  मोतीरामनं पेट्रोल घेतलं, तारेचा ब्रश घेतला, आणि खपली काढली, हिरवा थर काढला, दांडा मोकळा केला. सगळं स्वच्छ झाल्यावर एका लगचा बोल्ट स्वतःच्या हातानं दोन आटे ढिला केला.

समर्थला त्यानं तो बोल्ट दाखवला. बसवताना ढिला राहिला, एवढंच म्हणाला. कुणी बसवला हे त्याला विचारावं लागलं नाही, वहीत मीनाची सही होती. मीनाला बोलावलं. तिनं तो बोल्ट बघितला, मग मोतीरामकडं बघितलं. समर्थनं तुला काही बोलायचंय का असं विचारलं, तेव्हा तिनं मान हलवली. नाही. दुपारी तिनं आपला टेस्ट लॅम्प आणि पकड पिशवीत टाकली आणि ती गेली. जाताना रोजच्यासारखी मोतीरामला 'येते काका' म्हणाली. तेवढं तरी तिनं म्हणायला नको होतं, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी मालनबाईनं विचारलं, मीना का येत नाही. कामात चूक झाली, काढलं तिला, मोतीराम म्हणाला. मालनबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. "तिची चूक?" तिनं विचारलं. मोतीरामनं भाकरी मागितली.

पुढचे तीन महिने डबे धडाधड तयार होत होते. समर्थनं नवा माणूस ठेवला, हात जड, पण पगार कमी. मोतीरामला झोप येत होती, जेवण जात होतं. मनाला लागलं की माणूस सुकून जातो, असं लोक म्हणतात ते काही खरं नाही. फक्त नव्या माणसाला बोल्ट कसा आवळायचा हे दाखवताना तो आवळून झालेला बोल्ट पुन्हा एकदा आवळून बघायचा. दोन भावांची गोष्ट तर त्यानं सांगायचंच सोडून दिलं. शेवटी दसरा झाला आणि एका दुपारी तो समर्थच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. पाणी, कुंकू, ब्रश, बोल्ट.

समर्थ शांतपणे ऐकत होता. मग त्यानं मोबाइल काढला, एक फोटो शोधला आणि पुढं केला. फोटोत मोतीराम होता, खांद्यावर शाल, हातात करवंटी, डब्यात पाण्याची धार, आणि चेहऱ्यावर असं हसू की मालनबाईनंही ते लग्नानंतर बघितलं नसेल. मागं मीना, हातात झाकण धरून.

"गाडी आली त्याच दिवशी बघितला होता मी हा," समर्थ म्हणाला. "पण काका, तुम्हाला काढलं असतं तर डबे कुणी केले असते? गिऱ्हाइकाला कुणीतरी गेलेलं दाखवायचं होतं. तुम्ही बोल्ट ढिला करून आणलात, माझं काम सोपं झालं."

मोतीरामनं विचारलं, मग मीनाला परत बोलावू या का. समर्थ म्हणाला, आता ते उकरून काढण्यात कुणाचंच भलं नाही; नवा माणूस बरा आहे, आणि तुम्ही बाहेर एक शब्द काढलात तर डब्याचं नाव जाईल. आणि हो, मी म्हणणारच होतो, दिवाळीनंतरच्या डब्यांवर तुमचं नाव टाकू या. खाली बारीक अक्षरात, पण तुमचं. मोतीराम बरं म्हणाला. केबिनच्या बाहेर आल्यावर त्याला आपल्याच 'बरं'ची शरम वाटली, आणि त्या शरमेखाली कुठंतरी बरंही वाटत होतं. हे दुसरं त्याला जास्त टोचलं.

निदान तिला सांगावं, मी शेठपाशी कबुली दिली, असं त्यानं ठरवलं. तिच्या खोलीवर गेला तर चुलतबहीण म्हणाली, ती आता टोळीबरोबर छाटणीला जाते, सकाळी दिंडोरी नाक्यावर असते. मोतीराम दुसऱ्या दिवशी कामावर निघायच्या आधी तिकडं गेला. नाक्यावर पिकअप गाड्या लागल्या होत्या, मुकादम माणसं मोजत होते. मीना डोक्याला स्कार्फ बांधून, हातात छाटणीची कात्री घेऊन आईशेजारी उभी होती. त्याला बघून ती बाजूला आली. हाताला पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.

मोतीरामनं सांगितलं, शेठला सगळं सांगितलं मी. पाणी मीच ओतलं, बोल्टही मीच ढिला केला. तिला धक्का बसेल, ती रडेल, निदान रागवेल, असं त्याला वाटलं होतं. ती नुसती ऐकत राहिली.

"मला माहीत व्हतं काका," ती म्हणाली. "त्या दिवशी मी मागच्या दारात उभी व्हते. तुम्ही ब्रशनं घासत व्हता. मला वाटलं, साफ करून झालं की शेठला बोलवाल आणि सांगाल. म्हणून मी काय बोलले नाय. तुमच्या तोंडून यावं वाटलं."

 मागं मुकादमानं हाक मारली. मीना घाई नसल्यासारखी उभी होती. मग तिनं स्वतःच विषय काढला. तीन कारखान्यांत जाऊन आली होती. काम बघून तिघांनी होकार दिला, आणि आधीच्या ठिकाणी फोन केल्यावर तिघांनी नको म्हणून कळवलं. आता अंबडला एका ठिकाणी गाड्यांच्या वायरिंगची जागा होती, आणि तिथला सुपरवायझर द्वारकेचा जुना माणूस, मोतीरामला ओळखणारा.

"त्याला तुम्ही एक फोन करा," ती म्हणाली. "शेठचं नाव घेऊ नका. एवढंच सांगा का चूक माझी नव्हती. ते विचारतील मग कुणाची. तेवढं सांगाल?"

सुपरवायझर द्वारकेचा. म्हणजे संध्याकाळपर्यंत सारा चौक. आणि मग समर्थ, आणि मग डबा, आणि दिवाळीनंतर बारीक अक्षरात यायचं होतं ते नाव. हे सगळं मोतीरामच्या डोक्यातून जायला क्षणही लागला नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, जशी मीटरचा काटा बघायची.

"बघतो," मोतीराम म्हणाला.

मीनानं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. तिनं कात्री कमरेला खोचली, आईला हात देऊन पिकअपमध्ये चढवलं आणि मागून आपणही चढली. मुकादमानं फळी लावली, गाडी दिंडोरीच्या दिशेनं गेली.

मोतीरामनं स्कूटर सुरू केली. त्या दिवशी तो कामावर अगदी वेळेत पोचला.